एक मिशन, दोन समाज : एकोणिसाव्या शतकातील न्यूझीलंडमधला मॉर्मन कारभार

‘मिशन’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अहमदनगर किंवा मिरज येते. दगडी चर्च, त्याला लागून शाळा, दवाखाना, बंगल्यात राहणारे पगारी पाद्री आणि त्यांच्यामागे अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील एखादी श्रीमंत मंडळी, असे ते चित्र असते. एकोणिसाव्या शतकातील मॉर्मन मिशन यांपैकी जवळजवळ कोणत्याच गोष्टीवर उभे नव्हते. त्याच्या प्रचारकांना पगार नव्हता, धर्मशास्त्राची पदवी नव्हती आणि बहुतेकांना राहायला स्वतःची खोलीही नव्हती. यूटामधील शेतकरी आणि कारागीर घरचा व्यवहार बाजूला ठेवून, बहुधा स्वतःच्या नाहीतर कुटुंबाच्या खर्चाने, दोन-तीन वर्षांसाठी परदेशी पाठवले जात आणि मुदत संपली की पुन्हा नांगराकडे परतत. अशा सतत बदलणाऱ्या, अननुभवी आणि बिनपगारी माणसांच्या बळावर न्यूझीलंडमध्ये दोन पूर्णपणे वेगळ्या समाजांत काम कसे चालवले गेले, हे समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

आधी पंथाविषयी थोडेसे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बायबलच्या जोडीने हाही ईश्वरी ग्रंथ आहे, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. प्राचीन काळी इस्राएलच्या वंशातील काही लोक समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचले, असे त्यातील कथानक आहे. १८४४ मध्ये स्मिथ यांना जमावाने ठार मारले आणि १८४७ पासून ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी यूटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसले. त्या काळच्या शिकवणीतील दोन गोष्टी न्यूझीलंडच्या कारभाराला पुढे फार जड गेल्या. एक म्हणजे बहुपत्नीत्व, ज्यामुळे जगभरातील वर्तमानपत्रांत या पंथाची निंदा होत असे. दुसरी म्हणजे ‘एकत्र येणे’ : जिथे कुठे कोणी धर्मांतर करील त्याने शक्य तितक्या लवकर आपला देश सोडून यूटाला येऊन वसावे, अशी अपेक्षा होती.

या दुसऱ्या अपेक्षेचा परिणाम समजल्याशिवाय मिशनची पहिली पंचवीस वर्षे समजत नाहीत. १८५१ मध्ये जॉन मर्डॉक आणि चार्ल्स वॉन्डेल सिडनीला पोहोचले आणि ऑस्ट्रेलेशियन मिशन सुरू झाले. १८५४ मध्ये मिशनचे अध्यक्ष ऑगस्टस फार्नहॅम न्यूझीलंडला आले, १८५५ मध्ये वेलिंग्टनजवळ कारोरी येथे पहिली शाखा निघाली आणि १८६७ मध्ये दक्षिण बेटावर कायापोई येथे आणखी एक. या शाखांतील माणसे ब्रिटन आणि युरोपातून आलेले वसाहतकार होते. अशा शाखेतील उत्साही, कर्ती आणि चार पैसे राखून असणारी कुटुंबे सर्वांत आधी जहाजात बसून अमेरिकेला जात आणि मागे उरत ती म्हातारी, गरीब किंवा अर्ध्या मनाने आलेली माणसे. यूटातील नेत्यांच्या दृष्टीने हे यशच होते, कारण नव्या वसाहतीला हात मिळत होते. न्यूझीलंडमध्ये मात्र शाखा म्हणजे धर्मशाळा झाली होती. चांगला प्रचारक जितका यशस्वी, तितकी त्याची शाखा लवकर रिकामी, असा हा विचित्र हिशेब होता.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. याच काळात, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईला उतरला आणि पुण्यात राहून त्याने एक छोटी शाखा उभी केली. तो मराठी शिकला आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही त्याने छापली. तरीही त्याचे श्रोते प्रामुख्याने लष्करातील गोरे लोक आणि त्यांच्या भोवतालची मंडळीच राहिली, पुण्याच्या मराठी समाजात त्याला शिरकाव मिळाला नाही आणि काही वर्षांतच हिंदुस्थानातील ते मिशन गुंडाळले गेले. न्यूझीलंडचे मिशनही १८८० पर्यंत याच वाटेवर होते, असे म्हणायला हरकत नाही. फरक पडला तो त्यानंतर, आणि त्याचे कारण मिशनच्या योजनेपेक्षा माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, समाजाच्या परिस्थितीत शोधावे लागते.

माओरींना ख्रिस्ती धर्म नवा नव्हता. सॅम्युएल मार्सडेन यांनी १८१४ मध्येच अँग्लिकन मिशन सुरू केले होते, पाठोपाठ वेस्लियन आले आणि १८३८ मध्ये बिशप पोंपालिए यांच्याबरोबर कॅथलिक. बायबलचा नवा करार १८३७ मध्ये माओरीत छापून झाला होता आणि मातृभाषेत वाचू-लिहू शकणाऱ्या माओरींचे प्रमाण लक्षणीय होते. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला, तेव्हा मिशनऱ्यांनी मध्यस्थी केली. पुढे मात्र वसाहतकारांचे लोंढे आले. १८५८ च्या सुमारास देशात दोन्ही समाजांची संख्या पन्नास-साठ हजारांच्या घरात, म्हणजे जवळपास बरोबरीची होती. १८८१ पर्यंत युरोपीय पाच लाखांच्या जवळ पोहोचले आणि माओरी घटत राहिले. १८६३-६४ च्या वाइकातो युद्धानंतर सरकारने त्या एका प्रदेशातच सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. उरलेली जमीन १८६५ पासूनच्या जमीन-न्यायालयांतून, कर्ज आणि खटल्यांच्या वाटेने हातची जाऊ लागली. ज्या चर्चने कराराच्या वेळी विश्वास दिला होता, त्याच चर्चचे लोक युद्धात सरकारच्या बाजूला दिसले, ही जखम खोल होती.

म्हणून १८६० नंतर माओरींनी आपले स्वतःचे धर्मपंथ उभे केले. ते उपासनेचे होते, तसेच जमिनीचेही. पाई मारिरे, ते कूती यांचा रिंगातू आणि पारिहाका येथील ते फिती यांची शांततामय चळवळ ही त्यांतील ठळक नावे. यांपैकी अनेकांनी जुन्या करारातील इस्राएल लोकांशी स्वतःचे नाते जोडले होते : देश गमावलेला, पण देवाने न सोडलेला समाज. १८८१ च्या मार्चमध्ये वाइरारापा भागात ते ओरे ओरे येथे पाओरा ते पोतांगारोआ या द्रष्ट्याने मोठी सभा बोलावली, एक ध्वज फडकवला आणि जमीन विकू नये, कर्ज करू नये असे सांगितले. त्याच्या गूढ वचनांत एका येणाऱ्या धर्माची चाहूल आहे, असे अनेकांना वाटले. मॉर्मन माओरींनी पुढे ती भविष्यवाणी आपल्या चर्चविषयी असल्याचे मानले. गंमत अशी की विसाव्या शतकात राताना या माओरी धर्मनेत्याच्या अनुयायांनीही तीच आपली मानली. भविष्यवाणीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या गरजेतून ठरतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, विल्यम ब्रॉम्ली मिशनचे अध्यक्ष म्हणून ऑकलंडला आले. माओरींपर्यंत धर्म न्यावा, अशी स्पष्ट सूचना त्यांना सॉल्ट लेकहून मिळालेली होती. सूचना देणे सोपे होते, पण हाताशी माणसे मोजकीच आणि माओरी बोलणारा जवळजवळ कोणी नाही. वाट सापडली ती वाइकातोच्या सीमेवरील केंब्रिज गावात. थॉमस आणि हॅना कॉक्स हे युरोपीय सदस्य दांपत्य तिथे राहायला गेले होते आणि त्यांच्या घरी माओरींचे येणे-जाणे सुरू झाले. जप्तीत जमीन गमावलेल्या लोकांच्या अगदी शेजारचे हे गाव. १८८२ च्या नाताळच्या सुमारास तिथे हारी तेइमाना आणि इतर काहींचा बाप्तिस्मा झाला आणि १८८३ च्या फेब्रुवारीत वाओतू येथे माओरींची शाखा स्थापन झाली. तिचा प्रमुखही माओरीच होता.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. अँग्लिकन चर्चने पहिला माओरी डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, रोता वाइतोआ, १८५३ मध्ये नेमला, म्हणजे मिशन सुरू झाल्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी. पहिला माओरी बिशप होण्यासाठी तर १९२८ उजाडावे लागले. तिथे दीक्षेसाठी शिक्षण, परीक्षा आणि वेतनाची सोय लागत असे. मॉर्मन पद्धतीत पौरोहित्य हा पेशाच नव्हता. प्रत्येक पात्र पुरुषाला ते मिळू शकत असे आणि शाखाप्रमुख हा गावात राहून आपली शेती करणारा, बिनपगारी माणूस असे. त्यामुळे नव्या शाखेला लगेच माओरी प्रमुख मिळत असे, आणि तो बहुधा हापूतील, म्हणजे कुळाच्या गटातील, आधीपासून मान असलेला पुरुष असे. त्याने शब्द टाकला की त्याच्यामागे सबंध वस्ती येई. एकेका व्यक्तीचे मन वळवण्याची युरोपीय कल्पना इथे गैरलागू होती. १८८३ मध्येच अल्मा ग्रीनवुड आणि आयरा हिंक्ली या दोन तरुणांनी वाइरारापात पापावाई येथे शाखा उभी केली, तेव्हाही मानिहेरा या स्थानिक पुढाऱ्याचा आधार निर्णायक ठरला. पापावाई हे साधेसुधे खेडे नव्हते : पुढे १८९० च्या दशकात माओरींच्या स्वतंत्र संसदेची अधिवेशने तिथे भरली. तिथून हे काम हॉक्स बे, माहिया आणि पूर्व किनाऱ्याकडे पसरत गेले.

आता प्रत्यक्ष कारभाराकडे वळू. मिशनचा अध्यक्ष ऑकलंडला असे, पण वर्षातील बराच काळ तो किनाऱ्यावरच्या बोटीतून, घोड्यावरून आणि पायी फिरण्यातच घालवत असे. देशाचे जिल्हे पाडलेले होते, प्रत्येक जिल्ह्यावर एक अनुभवी प्रचारक प्रमुख असे आणि त्याच्या हाताखाली प्रचारक जोडीजोडीने फिरत. अध्यक्षाला सॉल्ट लेकहून मार्गदर्शन हवे असल्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालबोटीची वाट पाहावी लागे. ती साधारण चार आठवड्यांतून एकदा जाई, त्यामुळे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत दोन महिने सहज निघून जात. परिणामी बहुतेक निर्णय त्यालाच घ्यावे लागत, आणि नंतर पत्राने कळवावे लागत.

खर्चाची व्यवस्था याहून रंजक होती. प्रचारकांनी ‘थैली व झोळी न घेता’ फिरावे, अशी बायबलमधून घेतलेली शिस्त होती. ऑकलंड किंवा क्राइस्टचर्चच्या गोऱ्या वस्तीत याचा अर्थ दारोदार जाऊन नकार घेणे असा होई. पाहुण्याला घरात घ्यायचे, पण तो मॉर्मन आहे हे शेजाऱ्याला कळता कामा नये, असा पेच तिथल्या सहृदय कुटुंबांनाही पडत असे. माओरी वस्तीत मात्र पाहुण्याला जेवू घालणे हा यजमानाच्या मानाचा प्रश्न होता. माराए, म्हणजे वस्तीचे सभास्थान, येणाऱ्याचे रीतसर स्वागत करी आणि त्याची राहण्या-जेवण्याची सोय होई. ज्या शिस्तीमुळे शहरात प्रचारक उपाशी राहत, तीच शिस्त खेड्यात त्यांना थेट घरातल्या चुलीपाशी नेत होती. रताळी, मासे आणि डुकराचे मांस खात, एकाच सभागृहात सगळ्यांबरोबर झोपत ही मुले सहा-आठ महिन्यांत कामापुरती माओरी बोलू लागत, आणि पाठ्यपुस्तक म्हणून बहुधा माओरी बायबल वापरत. बंगल्यात राहणाऱ्या आणि जमीन बाळगणाऱ्या जुन्या मिशनऱ्यांशी माओरींनी त्यांची तुलना केली नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यातच हे लोक ब्रिटिश नव्हते, त्यांना जमीन नको होती आणि त्यांच्या स्वतःच्या सरकारने १८८२ आणि १८८७ च्या बहुपत्नीत्वविरोधी कायद्यांनी त्यांच्यामागे ससेमिरा लावलेला होता.

अर्थात बोजा माओरी घरांवर पडत होता, हे विसरून चालणार नाही. मिशन ‘स्वस्त’ होते, कारण त्याचा खर्च अशा समाजाच्या स्वयंपाकघरातून भागत होता ज्याच्याकडे जमीन दर वर्षी कमी होत चालली होती. मिशनच्या हिशेबवहीत ही रक्कम कुठेच दिसत नाही. माझ्या मते त्या काळातील सर्वांत मोठी देणगी हीच होती.

प्रचारकांच्या येण्याजाण्यामुळे एक कायमची अडचण असे. माणूस भाषा शिकून तयार होतो, लोकांचा विश्वास मिळवतो आणि त्याची परतीची वेळ येते. यावर उपाय म्हणून नवख्याला जुन्या प्रचारकाबरोबर जोडीने ठेवत आणि माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवत. पण खरे सातत्य टिकवले ते स्थानिक शाखाप्रमुखांनी आणि ‘हुई ताऊ’ या वार्षिक मेळाव्याने. हुई म्हणजे सभा, ताऊ म्हणजे वर्ष. चर्चच्या दृष्टीने हे अधिवेशन होते, त्यात नेमणुका जाहीर होत, अहवाल वाचले जात आणि प्रवचने होत. माओरींच्या दृष्टीने तो माणसे जमण्याचा, भाषणे, गाणी, जेवणावळी आणि जुने वाद मिटवण्याचा ओळखीचा प्रसंग होता. यजमान वस्ती महिनोन्‌महिने आधीपासून तयारीला लागत असे. मिशनने नवी संस्था काढण्याऐवजी चालू संस्थेत आपला कार्यक्रम बसवला, हे त्यातले शहाणपण.

शिकवणीचेही असेच जुळून आले. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये हागोथ नावाचा एक जहाजबांधणी करणारा येतो, त्याची काही जहाजे समुद्रात गेली आणि परतली नाहीत. पॉलिनेशियन लोक हे त्याच प्रवाशांचे वंशज असावेत, असा समज मॉर्मनांमध्ये हवाईतील कामापासून रुजला होता. आपण इस्राएलचे आहोत असे आधीच म्हणणाऱ्या माओरींना ही कथा परकी वाटली नाही. इतिहास म्हणून ती टिकत नाही : भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि जनुकीय अभ्यास पॉलिनेशियनांचे मूळ आग्नेय आशियाच्या बाजूला दाखवतात, आणि न्यूझीलंडमधील वस्ती साधारण तेराव्या शतकातील आहे. पण ज्या समाजाला वसाहतीचे राज्यकर्ते ‘नष्ट होत चाललेली जमात’ म्हणत होते, त्याला पवित्र ग्रंथात मानाचे स्थान देणारी कथा किती मोलाची वाटली असेल, हे समजणे अवघड नाही. यापेक्षाही घट्ट बंध वंशावळीचा होता. माओरी समाजात फाकापापा, म्हणजे वंशावळ, तोंडपाठ असणे ही प्रतिष्ठेची आणि जमिनीच्या हक्काचीही गोष्ट होती. मॉर्मन मंदिरात मृत पूर्वजांच्या वतीने विधी केले जातात आणि त्यासाठी पूर्वजांची नावे लागतात. गोऱ्या सदस्याला त्यासाठी इंग्लंडमधील दप्तरे धुंडाळावी लागत, तर माओरी वृद्ध वीस-वीस पिढ्या एका बैठकीत सांगू शकत.

ग्रंथाचे भाषांतर हे या काळातील सर्वांत मोठे संघटित काम. एझ्रा रिचर्ड्स आणि सोंड्रा सँडर्स हे दोन प्रचारक त्यावर बसले, ते पिरिही तुतेकोही आणि हेनारे पोताए यांच्यासारख्या माओरी जाणकारांनी भाषा तपासली आणि १८८९ मध्ये ऑकलंडला ‘को ते पुकापुका आ मोरोमोना’ छापून बाहेर पडले. छपाईसाठी माओरी सदस्यांनीही वर्गणी दिली. त्या वेळी चर्चचे बरेचसे व्यवहार माओरीतून होत असताना गोऱ्या सदस्यांची स्थिती काय होती? ती अवघडलेली होती. देशातील बहुसंख्य सदस्य आता माओरी होते, प्रचारकांची बहुतेक शक्ती तिकडे जात होती, आणि शहरांतील छोट्या युरोपीय शाखांना वर्तमानपत्रांतील बहुपत्नीत्वाच्या कुचेष्टेला तोंड देत, स्वतःच्याच बळावर तग धरावी लागत होती. १८९० मध्ये चर्चने नवे बहुपत्नी विवाह थांबवण्याचे जाहीर केल्यावर ही धार थोडी बोथट झाली, पण कुचाळक्या लगेच थांबल्या नाहीत. अध्यक्षाला एकाच वेळी दोन प्रकारचे चर्च चालवावे लागत होते : एक इंग्रजीतले, विखुरलेले, सभासद परदेशी पाठवणारे, दुसरे माओरीतले, वस्तीवस्तीने बांधलेले आणि जागचे न हलणारे.

‘एकत्र येण्या’चा प्रश्न दुसऱ्या चर्चमध्ये वेगळ्याच रूपात उभा राहिला. माओरींसाठी जमीन सोडून जाणे म्हणजे पूर्वजांना आणि हक्काला सोडून जाणे. यूटात हवाईच्या लोकांसाठी १८८९ मध्ये योसेपा ही वसाहत उभारली गेली होती, तशी माओरींची वसाहत कधीच झाली नाही. त्यामुळे माओरी शाखा रिकाम्या झाल्या नाहीत, प्रमुख तेच राहिले, मुले त्याच शाखेत वाढली, आणि शतकाच्या अखेरीस माओरी सदस्यांची संख्या चार हजारांच्या आसपास पोहोचली. त्या वेळी सबंध माओरी लोकसंख्या बेचाळीस-त्रेचाळीस हजारांची होती. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे काम वेगळे काढून न्यूझीलंडला स्वतंत्र मिशनचा दर्जा मिळाला.

जाणाऱ्यांत एक नाव मात्र ठळक आहे. नुहाकाचे रांगातिरा, म्हणजे प्रमुख, हिरीनी फांगा १८९४ मध्ये पत्नी मेरे आणि काही कुटुंबीयांसह यूटाला गेले. मंदिरात आपल्या पूर्वजांसाठी विधी करता यावेत, ही त्यामागची मोठी ओढ होती. ज्या देशात धर्म शिकवायला यूटाची मुले पाठवली जात होती, त्या देशात १८९८ मध्ये हे वयोवृद्ध गृहस्थ स्वतःच प्रचारक म्हणून परत आले. त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण प्रचारकांना प्रत्येक माराएवर आधी भाषा, मग रीत आणि मग ओळख मिळवावी लागे. फांगांना यांपैकी काहीच लागत नव्हते. ते सभागृहात बसत, यजमानांच्या वंशावळीत आपली वंशावळ कुठे मिळते ते सांगत, आणि वृद्धांच्या तोंडून पूर्वजांची नावे उतरवून घेत.